गारव्यावर जगणारी पिवळी

१६ नोव्हेंबर
तळ्यातल्या पिवळीचं तिसरं पान सुटलं. सकाळी ड्युटीला निघताना गुंडाळी होती, परतताना उघडं. कडा दातेरी, पण दात बोथट. पुस्तकात पानाला 'हृदयाकृती' म्हटलंय. चूक. हृदयाला खाली टोक असतं, याला नाही. मूत्रपिंडासारखं म्हणायला हवं होतं. लिहिणाऱ्याने पान हातात धरलं नसावं.

यापुढे पिवळी = पि.

पाइपाच्या तोंडाशी हात धरवत नाही, इतकं पाणी गार. पि.च्या मुळाशी चौदा अंश. तळ्याच्या दुसऱ्या टोकाला चोवीस. एवढ्याशा तळ्यात दोन मुलूख.

मंगल, माझी बायको, वाळलेले कपडे काढायला आली होती. "अवो, भाजी तरी होते का हिची?" गेल्या वर्षीही हेच विचारलं होतं. नाही होत. चीक वाईट, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. तिला सांगितलं. "मंग कशाला यवडी बडदास्त," म्हणाली आणि एक टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून गेली.

१८ नोव्हेंबर
गजा आला. धाकटा भाऊ, पण चालणं थोरल्याचं. तळ्याच्या बांधावर उभा राहून हाताने हवेत चौकोन काढत होता.

"दादा, सगल्यांनी भराव टाकला. आपलाच यक खड्डा राह्यला."
"खड्डा नाही. तळं."
"बरं, तलं. लग्नाला गाड्या कुठं लावायच्या? तुज्या तल्यात?"

त्याच्या प्रांजलचं लग्न फेब्रुवारीत. एकुलती एक. हळदीला गाव लोटणार. त्याचा विचार असा: आत्ता मुरूम टाकायचा, हळदीला गाड्या लावायच्या, नंतर दापोड्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला ट्रेलर उभे करायला द्यायचं. जागा दोघांच्या नावावर. माझी सही लागते.

मी त्याला पि. दाखवली. सगळं नीट समजावलं. हिला गार पाणी का लागतं, मुळं चिखलात आणि मान पाण्यावर का हवी, मागे घाईत मी थेट बर्फ टाकला तेव्हा मूळ कसं करपलं. बर्फ द्यायचाच तर गोणपाटात गुंडाळून, हातभर लांब. तो मोबाइलमध्ये बघत होता. मधेच म्हणाला, "हां हां."

पाण्यात दगड टाकल्यासारखं. नाही, दगडाने निदान तरंग उठतात.

२१ नोव्हेंबर
हंगामाचे शेवटचे सफरचंदाचे ट्रक लागले. तेजराम आला होता. कुलूकडचा ड्रायव्हर, दर वर्षी येतो. उतरल्या उतरल्या विचारलं, "भाईसाब, वो जिंदा है?"

त्यानेच आणली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मोबाइलवर ट्रकचा फोटो पाहत होतो. ट्रकपेक्षा मला मागचा ओढा दिसला, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांनी पिवळं. नुसतं पिवळं नव्हे. लोणी लावल्यासारखं चमकणारं. विचारलं, हे काय? "ये? ये तो नाले में ऐसे ही उगता है. गाय भी नहीं खाती." पुढच्या खेपेला शेवाळात गुंडाळून, ओल्या पोत्यात घालून एक गड्डा घेऊन आला. नाव मी शोधलं. इंग्रजीत मार्श मॅरिगोल्ड. झेंडूशी काडीचं नातं नाही, तरी नाव चिकटलंय.

तो पहिला गड्डा मे महिन्यात गेला. हा दुसरा, याच हंगामाच्या पहिल्या खेपेचा. तेजराम बांधावर उकिडवा बसून पि.कडे बघत राहिला, मग हसायला लागला. "हमारे यहां इसको उखाड़ के फेंकते हैं. इधर इसका एसी लगा है."

एसी नाही. नुसतं थंडगार पाणी. कोल्ड स्टोरेजच्या चेंबरमध्ये पंख्यामागच्या नळ्यांवर बर्फ जमतो. दिवसातून काही वेळा तो वितळवावा लागतो. ते पाणी पूर्वी गटारात जायचं. मी भिंतीला भोक पाडून पाइपाने तळ्यात सोडलं. मॅनेजरला सांगून. सांगून म्हणजे, केल्यावर सांगून.

२६ नोव्हेंबर
गजाच्या घरी जेवायला. लग्नाची बोलणी, मंडप, बँड, डीजे. शेवटी तळ्यावर गाडी आली. मी सांगितलं, हळदीच्या गाड्या स्टोरेजच्या आवारात लागतील, परवानगी माझ्याकडे. त्याचा एक मुद्दा मोडला.

"आनि नंतर? ट्रेलरचं काय?"
"नंतर पि. फुलेल."
"दोन वर्सं आयकतोय." मग जेवता जेवता थांबला. "चल, ठरवू. हलदीच्या दिवसापर्यंत यक फूल. यकच. पान्यात उभं, उमललेलं. फोटो नाय, डोल्यांनी बघनार. आलं तर तलं तुजं, मी नाव काढनार नाय. नाय आलं तर सही."

सुरेखा, त्याची बायको, वाढता वाढता म्हणाली, "भावजी, घ्या लिवून." मंगल माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं. भातावर कालवण घेतलं आणि काय खातोय ते कळलं नाही.

प्रांजल जाता जाता कानात म्हणाली, "काका, खत टाका खत." खत नाही चालत तिला, बाळा.

४ डिसेंबर
पहाट. तळ्यावर वाफ. थंड पाणी कोमट पाण्याला भिडतं आणि त्यावरची हवा पांढरी होते. गुडघ्याएवढी. एका बाजूला स्टोरेजची पत्र्याची भिंत, दुसरीकडे शेजारच्या गोडाऊनची. मधला हा तुकडा, त्यावर धुकं. बसलं की भिंती दिसत नाहीत.

मी डोंगर पाहिलेले नाहीत. माथेरान सोडून. पण त्या अर्ध्या तासात मला वाटतं मी तिकडेच कुठेतरी बसलोय, ओढा डावीकडून येतोय, आणि लोक मला ओळखत नाहीत.

पाण्याला सफरचंदाचा वास असतो. अगदी पुसट. मंगलला येत नाही. मला येतो.

९ डिसेंबर
खाडीला उधाण. अशा वेळी तळ्याला खालून खार येतो का ते बघतो. बोट बुडवून जिभेला. जीभ हेच मीटर. गोडं आहे. थोडं मचूळ, पण खारं नाही.

पि.ला खार लागला तर संपलं. बाकी सगळं मी सांभाळू शकतो. खाडी नाही.

१५ डिसेंबर
पानाला भोक. गोगलगाय. चुना टाकत नाही, पाणी बिघडेल. हाताने वेचल्या, डब्यात घालून पलीकडच्या टोकाला नेऊन सोडल्या. त्या परत येतील. मीही परत येईन.

पाणकोंबडी दिसली. पाइपाचं पाणी पडतं तिथे पाय घातला आणि झटकला. मग पुन्हा घातला. तिलाही नवल.

चिखल बदलला. भाताच्या खाचरातली काळी माती दोन वाटे, तळ्याचा गाळ एक वाटा, वर धुतलेली बारीक खडी, म्हणजे माती उडत नाही. खडी धुतलीच पाहिजे. धुतली नाही तर चुनखडीची पांढरी साय वर येते. हे कुठल्याही पुस्तकात नाही.

२४ डिसेंबर
दुपारची पाळी. कॉम्प्रेसरच्या आवाजात बसून विचार करत होतो. इतकी वर्षं मी थंडी बनवतोय. दहावीनंतर कोणी शिकवलं नाही, उस्तादाच्या शिव्या खाऊन, पाइपाला कान लावून ऐकून शिकलो. आज मशीनच्या आवाजावरून गॅस कमी आहे का ते सांगतो. डिप्लोमावाले येऊन गेज लावतात आणि तेच म्हणतात.

पण थंडीने काय होतं? सफरचंद मरत नाही, बस. पिकत नाही, वाढत नाही, थांबून राहतं. बटाटा, चिंच, मिरची, सगळं थांबून राहतं. माझी सगळी थंडी वस्तूंना थांबवण्यात गेली.

पि. ही पहिली जी माझ्या थंडीवर वाढते

(इथे फोन आला. चेंबर दोनचा दरवाजा नीट लागत नव्हता.)

३ जानेवारी
मानकोली नाक्यावर चहा. रिक्षावाले. "काय साहेब, झेंडू कधी निघनार? दसरा गेला ना!" बातमी गजाने पसरवलीय. एकाने विचारलं, हार करून दे म्हणून. मी शांतपणे सांगितलं, की तो झेंडू नव्हे, आणि तुम्ही ज्याला झेंडूची पाकळी म्हणता तीही एक पाकळी नसते, ते अख्खं छोटं फूल असतं. आणि पि.ला तर पाकळ्याच नाहीत. पिवळी दिसतात ती निदलं, कळीला झाकणारी बाहेरची पानं.

मग एक जण म्हणाला, "पाकल्याच नाय तर फुलनार काय?"

सगळे हसले. मीही. चहा चांगला होता.

१२ जानेवारी
काही नाही.

एक पान पिवळं पडलं. फुलाचं पिवळं नाही, मरणाचं. कापून टाकलं. बाकी चार. मधला कोंब घट्ट मिटलेला, नखाएवढा. गेले काही दिवस तेवढाच. दुपारी ऊन पत्र्यावरून उलटं पाण्यावर येतं, ते लक्षात नव्हतं आलं. पत्र्याच्या बाजूने हिरवी जाळी बांधली. मंगलने धरली, मी बांधली.

"नाय फुललं तर?" तिने विचारलं.
"सही."
"तुमाला चालंल?"
मी जाळी ताणत राहिलो. ती म्हणाली, "मला तर सवय झालीय हितं कपडे वालत घालायची." जाळीची गाठ तिची जास्त घट्ट बसली होती. माझी पुन्हा सोडून तिने बांधली.

२० जानेवारी
स्वप्न. चेंबरचं दार उघडलं तर आत क्रेट नाहीत, ओढा आहे. पायात नेहमीचे गमबूट. काठाने पिवळं, पार आतपर्यंत, जिथे मागची भिंत असायला हवी तिथूनही पुढे. कोणीतरी म्हणतंय, दार लावा, थंडी जातेय. मी म्हणतोय, जाऊ दे. आयुष्यात दार उघडं ठेवलेलं नाही मी.

जागा झालो तर पाय पांघरुणाबाहेर.

२९ जानेवारी
कळी.

दोनदा खात्री केली. आधी वाटलं पानाची गुंडाळी. पण पानाच्या गुंडाळीला दोन सुरळ्या असतात, समोरासमोर. ही गोल. हिरवी, वाटाण्याएवढी, कोंबाच्या पोटात, पाण्याखाली बोटभर. अजून देठ नाही.

कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी मंगलला सांगितलं. ती आंघोळ करून, दिवा लावून मग बघायला आली. वाकून बराच वेळ बघितलं. "यवडीशी," म्हणाली.

५ फेब्रुवारी
देठ सुटला. पोकळ. कळी पाण्याच्या वर आली, मान किंचित पूर्वेला.

गजा पत्रिका द्यायला आला तेव्हा दाखवली.
"ही? वाटाना?"
"कळी आहे."
"कलीवर ठरलं न्हवतं. फुलावर ठरलंय."
पण बसला. बूट काढून बांधावर बसला. पाइपाखाली हात धरला आणि "आयला" म्हणाला. लहानपणी आम्ही इथे मुठे पकडायचो, खेकडे. तो नेहमी बिळात हात घालायचा, मी कधीच नाही. ते त्याला आठवलं की नाही माहीत नाही. हात पुसून गेला.

१४ फेब्रुवारी
मॅनेजरने बोलावलं. चेंबर तीनमधला माल महिनाअखेरीला निघतोय. मग चेंबर बंद, मशीनची देखभाल, पुढचा माल येईपर्यंत थंडी नाही. पि.चं पाणी चेंबर तीनचं.

म्हटलं, दुसऱ्या चेंबरचं पाणी वळवता येईल का? मधे रस्ता आहे, खोदायची परवानगी नाही. खरं आहे. मीच त्याच्या जागी असतो तर मीही नाही म्हटलं असतं.

महिनाअखेर. हळद चोवीसला. म्हणजे पुरतंय. मग पुढे काय ते पुढे.

२० फेब्रुवारी
कळीला पिवळी रेघ. एका बाजूने. हिरव्या सालीखालून उजेड दिसावा तशी.

लग्नघरी धवलारीण आली. हिराआजी. लग्नाचे सगळे विधी धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन तीच लावते, आमच्या लग्नातही तीच होती. दात गेलेत, आवाज नाही गेला. आल्या आल्या गजाला झापलं. त्याने नवरीच्या आंघोळीला पाण्याचा टँकर सांगितला होता.

"टँकरचं पानी? पोरीला का गाडी समजलास धुवायला? घरचं पानी न्हाय तुमच्यात?"
"आजी, नल हाय की."
"नल का तुज्या बापानं खनला?"

मंगलला राहवलं नाही. "आजी, तलं हाय आमचं. गोडं पानी." तिच्या आवाजात थोडा तोरा होता. मला बरं वाटलं.

ठरलं. हळदीच्या सकाळी बायका कलश घेऊन तळ्यावर येणार. गजा माझ्याकडे न बघता पान चघळत होता.

२३ फेब्रुवारी
कळी आज इतकी फुगलीय की शिवली तर फुटेल. उद्या दुपारपर्यंत. ऊन वर आलं की. मी अजून चुकलेलो नाही.

उद्या सकाळची पाळी बदलून मागितली. नाही मिळाली. माल निघतोय, ऑपरेटर हवाच. दुपारी सुटेन, गजाला हाताला धरून आणेन.

बायकांना मंगल सांगेल कुठे पाय टाकायचा नाही ते. पि.भोवती चार काड्या रोवून सुतळी बांधली. पांढरी, म्हणजे दिसेल.

२४ फेब्रुवारी
कळी नाही.

देठ आहे. वर नखाने खुडलेला. स्वच्छ.

२५ फेब्रुवारी
काल पुढे लिहवलं नाही. आज नीट लिहितो.

बायका वाजतगाजत आल्या. मंगल पुढे होती, पण निरांजन वाऱ्याने विझलं म्हणून घरी पळाली. तेवढ्यात आजी पाण्याशी पोचली. पांढरी सुतळी पाहिली. सुतळी बांधलेली, चार काड्या रोवलेल्या, मधे एक पिवळी कळी. तिला वाटलं घरच्यांनी पूजा मांडलीय. चौक आखलाय. हळदकुंकू वाहिलं, धवला म्हटला, पाणी भरलं, आणि कळी खुडून कलशात ठेवली. दुसरं काय करणार? मी सुतळी बांधली नसती तर कदाचित तिचं लक्षही गेलं नसतं.

मी दुपारी तळ्यावरून तसाच मंडपात गेलो. गमबूट, अंगाला ग्रीस. डीजे जोरात. हिराआजी पाटाशेजारी बसली होती.

"आजी, ती एकच कळी होती."
तिने माझ्याकडे बघितलं. राग नाही, काही नाही. "मंग? पोरगी पन यकच हाय."

प्रांजल पाटावर, हातापायाला हळद, हसून हसून डोळे ओले. तिच्या पुढ्यात कलश. नारळ, आंब्याची पानं, आणि पानांच्या मधे

उमललेली होती. पाचही निदलं. तळ्याच्या पाण्यात देठ, मंडपाची ऊब. लोण्यासारखी चमक, फोटोत होती तशीच, त्याहून जास्त. मधे दाट पुंकेसर. पोरी वाकून वाकून सेल्फी काढत होत्या. प्रांजल म्हणाली, "काका, हे तुमचं ना?" आणि हळदीचं बोट माझ्या गालाला लावलं.

गजा मागे येऊन उभा राहिला. कधीपासून, माहीत नाही.

"दादा, पान्यात उभं, बोललो होतो."
"कलशात पाणीच आहे."
"तल्याच्या पान्यात."
"तळ्याचंच आहे."

कोणीतरी त्याला ओढलं नाचायला. नाचला. पुढारी लोक आले, त्यांच्यामागे गेला. सोड्याच्या बाटल्यांचे टब बर्फाने भरले. रात्रीच्या जेवणावर मला पाहून एवढंच म्हणाला, "बघू."

"बघू" म्हणजे काय ते मला त्याच्या पाळण्यापासून माहीत आहे. म्हणजे काहीही.

२७ फेब्रुवारी
लग्न लागलं. प्रांजल गेली. गजा मंडपाच्या खांबाला धरून उभा होता, कोणी जवळ गेलं की "जेवलास का?" विचारायचा. सगळ्यांना. मलाही दोनदा.

आजीने कलश माझ्या हाती दिला. कलशाचं पाणी जिथून आणलं तिथेच सोडायचं, पायदळी नाही. मी आणि मंगल गेलो. फूल तोवर सैल झालेलं, एक निदल गळालेलं. पाणी ओतलं. फूल पि.जवळच तरंगत राहिलं, मग पाइपाच्या पाण्याने हळूहळू फिरून दुसऱ्या मुलखात गेलं. कोमट पाण्याच्या.

मंगल म्हणाली, "निरांजन इझलं नसतं तर." म्हटलं, तुझ्यामुळे नाही, माझ्या सुतळीमुळे. "मंग आपन दोगंबी," म्हणाली.

२८ फेब्रुवारी
चेंबर तीन रिकामं. दुपारी मशीन मीच बंद केलं. बटण माझ्याच हाताखाली आहे. आवाज थांबल्यावर कान दुखतात, तसे दुखले.

संध्याकाळी पाइपातून शेवटचं ठिबकत होतं. मुळाशी सतरा.

घरी येताना फाटकाशी डंपर. मुरुमाने भरलेला. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला. गजाने हा लग्नाआधीच सांगून ठेवलेला असणार. मागे घ्यायला सांगितला की नाही, कोण जाणे. विचारायला गेलो नाही. विचारलं तर उत्तर येतं.

१ मार्च
पहाटे गेलो. पाइप कोरडा. वाफ नसणार हे धरूनच गेलो होतो.

वाफ होती. थोडी. पि.च्याच बाजूला.

पाण्यात गोणपाटाचं गाठोडं. आत बर्फाची लादी, अर्धी विरघळलेली. सुतळीने बांधून खुंटीला अडकवलेली, पि.पासून हातभर लांब. नीट हातभर. मी मोजलं. हे अंतर मी एकट्या गजालाच सांगितलं होतं. बर्फाला सोड्याच्या बाटलीचं एक बूच चिकटलेलं. लग्नातल्या टबांसाठी आणलेल्यातला उरलेला बर्फ, भुश्यात ठेवलेला असणार.

बांधावर ओल्या चपलेचे ठसे. येतानाचे आणि जातानाचे. फाटकातल्या डंपरकडून.

मुळाशी पंधरा. पि.च्या पोटात, खुडलेल्या देठाच्या बगलेत, काहीतरी हिरवं. पान की काय ते आज सांगता येणार नाही, दोन सुरळ्या आहेत की एक गोल हे दिसायला ते अजून वर यायला हवं.

फाटकाशी डंपर तसाच. ड्रायव्हर चहा पीत होता. मला बघून उतरला.

"खाली करना है क्या?" मीच विचारलं.
"सेठ बोला, रुको."
"कब तक?"
"वो नहीं बोला."

परत तळ्यावर आलो. गोणपाट एका बाजूने सैल झालं होतं. गाठ सोडून पुन्हा बांधली, मंगल बांधते तशी. हात बराच वेळ पाण्यात ठेवला.